बुरुजाचं पान

प्रेमलाने गादीवर पसरलेल्या पानांतून घोड्यावर बसलेला सांगाडा उचलला आणि प्रांजलीच्या नाकासमोर धरला.

“हे पायजे मले. हे एकदा तुह्या काकाजीच्या हाती आलं, की गावाचं नाव नाही काढत ते.”

“मावशी, ठेव ते खाली. आणि हात पुसले का? मघाशी कांदे चिरत होतीस.”

“पुसले वो माय.” प्रेमलाने तेवढ्यात पदराला हात पुसून घेतले, पण पान काही सोडलं नाही.

भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरच्या आतल्या खोलीत, दार लोटून दोघी बसल्या होत्या. प्रांजली ही प्रेमलाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आठवडाभर एका खाजगी कंपनीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी सिविक सेंटरच्या बाजारात मैत्रिणीच्या पार्लरच्या कोपऱ्यात टेबल टाकून टॅरोची पानं वाचायची. तिच्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. मावशीने आजवर त्यात लक्ष घातलं नव्हतं. आज मात्र तिने स्वतः फोन करून भाचीला पानांसकट बोलावून घेतलं होतं.

गरजच तशी होती. प्रेमलाचा नवरा देवराव तिथल्या पोलादाच्या प्लांटात क्रेन ऑपरेटर होता, तो उन्हाळ्यात रिटायर झाला. आता क्वार्टर रिकामा करायचा होता. आमगावच्या पुढे खैरटोल्याला, धाकट्या भावाच्या घराला लागून, त्याने दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधून ठेवलं होतं. सामान न्यायला ट्रक पाहिला होता आणि आज संध्याकाळी ट्रकवाल्याचा फोन येणार होता. त्याला एकदा ‘ये’ म्हटलं की विषय संपला.

आणि प्रेमलाला जायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती, आणि नेमकी तीच तिला नवऱ्याला सांगता येत नव्हती. इथे ती स्कुटीवर बसून भाजी आणायला जायची, शेजारच्या बंगाली बाईशी मोडक्या हिंदीत भांडायची, दुपारी भजनाला जायची, आणि कुठे चाललीस म्हणून कोणी विचारत नव्हतं. तिथे ती पुन्हा मोठी सून होणार होती. डोक्यावर पदर, आणि दाराबाहेर पाय टाकला की चार जणी विचारणार, कुठं चालल्या वहिनी? नुसत्या विचाराने तिचा जीव गुदमरायचा. पण देवराव तीस वर्षं एकच वाक्य बोलत आला होता, “रिटायर झालो की गावाले.” चहावर, लग्नात, कोणाच्या मयतीतसुद्धा. माणसाने जन्मभर एक इच्छा धरली आणि बायकोने ती मोडली, हे पाप तिला डोक्यावर नको होतं. तेच एखाद्या पानाने मोडली तर कोणाचाच दोष नाही!

“तं हे ठेव वर,” सांगाडा हलवत ती म्हणाली.

“याचा काही उपयोग नाही, मावशी. सगळ्यांना वाटतं हे मरणाचं पान. नीट बघ, मागे दोन खांबांच्या मधात सूर्य आहे ना? एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली, असा त्याचा अर्थ. काकाजी तो बोलेंगे, देखो, नोकरी संपली, गाव सुरू.”

प्रेमलाने पान चटका बसल्यासारखं टाकून दिलं. मग तिने दुसरं उचललं. खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, पायाशी पांढरं कुत्रं, आणि पुढे कडा.

“हा कोण?”

“हा भोळा. प्रवासाला निघालेला.”

“आग लागो त्याच्या प्रवासाले.” तेही गेलं. पुढच्या पानावर एक माणूस नाव वल्हवत होता, नावेत पाठमोरी बाई आणि लेकरू, आणि सहा तलवारी रोवलेल्या. “हे तं शिफ्टिंगच आहे! हे खाली टाक, अगदी खाली.” मग तिला चार खांब दिसले, खांबांना फुलांच्या माळा, पुढे नाचणारी माणसं. “हा मांडव बरा आहे.”

“घरी परत येणं,” प्रांजली म्हणाली.

“कोण्या घरी?”

“ते नाही लिहिलेलं.”

“मंग काय कामाचं!” प्रेमलाने पानं भराभर उलटत नेली आणि एका पानावर तिचा हात थांबला. काळंभोर आकाश, डोंगराच्या टोकावर उंच बुरूज, वीज पडून त्याचा मुकुट उडालेला, खिडक्यांतून ज्वाला. एक बाप्या आणि एक बाई डोकं खाली करून कोसळत होती. तिचा चेहराच उजळला. “हे पाय! हेच. गावचं घर बांधलं, अन् पडून राहिलं. याले समजवा नाही लागत.”

“मावशी, मी पानं लावून देणार नाही. वो चीटिंग है. लोक माझ्याकडे विश्वासाने येतात.”

“तुले कोण लाव म्हटलं?”

तेवढ्यात बाहेर स्कूटरचा आवाज आला आणि प्रांजली दार उघडायला उठली. ती परत आली तोवर गड्डी गादीवर एकसारखी रचलेली होती, कडा अगदी काटेकोर जुळवलेल्या. प्रेमला गड्डीशेजारी हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारखी बसली होती. प्रांजलीने गड्डीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर ते तोंडावर पडलं होतं.

देवराव जिलेबीची पुडी घेऊन आत आला. रिटायर झाल्यापासून तो घरी येताना काहीतरी गोड आणायचा. दिवसभराच्या एवढ्या मोकळ्या वेळात दुसरं काय करावं ते त्याला सुचत नसे.

“काय वो पोरी, तुहे पत्ते कुठं आहेत? तुही मावशी सकाळपासून मागं लागली आहे, प्रांजलीकडून पाहून घ्या, प्रांजलीकडून पाहून घ्या.” त्याने बसता बसताच गड्डीकडे हात नेला. पत्ते दिसले आणि देवरावने हात लावला नाही, असं आजवर झालं नव्हतं. “जाड आहेत. कोण्या देशाचे?”

“सुरुवात इटलीची. सहाशे वर्षं झाली असतील.”

“अन् तवापासून भविष्य सांगून राहिले?”

प्रांजली जरा अडखळली. पार्लरमधल्या गिऱ्हाइकांना ती हा भाग शक्यतो सांगत नसे. पण काकाजीशी खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, आणि मावशीने गड्डीत जे काही केलं होतं ते पाहता आज एक तरी गोष्ट खरी सांगावी असं तिला वाटलं.

“नाही. आधी हा नुसता खेळ होता, काकाजी. मोठ्या घरचे लोक खेळायचे. चार रंग आपल्यासारखेच, फक्त चित्रं वेगळी. पेला, तलवार, नाणं, काठी.”

“बदाम, इस्पिक, चौकट, किलवर,” देवरावने बोटांवर मोजले.

“हां. आणि वरून ही चित्रांची पानं, बावीस. चित्र पडलं की बाकीच्या सगळ्या रंगांवर भारी.”

“म्हंजे हुकूम!” देवराव एकदम ताठ झाला.

“कायमचा हुकूम.”

“अन् हात मोजत होते?”

“हातच घ्यायचे. आणि हातात कोणती पानं आली त्यावरून गुण.”

“मेंढीकोटच की मंग! थोडा इकडचा तिकडं.” त्याने प्रेमलाकडे कौतुकाने पाहिलं. “पाहून राहिली? आपलाच खेळ. मंग भविष्य कोणं घुसवलं यात?”

“ते फार नंतर. साडेतीनशेक वर्षांनी. पॅरिसमधल्या एका विद्वानाने लिहिलं की ही इजिप्तची जुनी गुप्त विद्या आहे. पुरावा काही नव्हता. पण लोकांना आवडलं, चालू झालं.”

“म्हंजे साडेतीनशे वर्षं लोकं हा सांगाडा हातात धरून बसले, खेळले, जेवले, अन् कोणाचं काही वाकडं नाही झालं,” देवराव म्हणाला आणि जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला.

प्रेमलाला हे बोलणं कुठे चाललंय ते कळलं. असंच चाललं तर पानाचा धाकच उरणार नव्हता. “खेळ होता तं होता,” ती घाईने म्हणाली. “आपल्या इथं कवड्या खेळाच्या असते, अन् कौलबी लावते त्यानंच. तुमी पान काढा.”

“मग तू खोटं सांगते काय लोकाईले?” देवरावने प्रांजलीला विचारलं, पण रागाने नाही.

“मी कमी सांगते, काकाजी. चित्र समोर ठेवलं की लोक आपलं आपणच बोलायला लागतात. मी ऐकते.”

“दे, मी पिसून देते,” म्हणत प्रेमलाने गड्डी उचलली. आता सेक्टर दोनमध्ये प्रेमलाच्या पिसण्याची ख्याती होती. गणपतीत जागरणाला मेंढीकोटाचे डाव बसायचे, तेव्हा बायका तिच्या बोटांवर नजर ठेवून असत आणि तरी त्यांना काही दिसत नसे. पानं सळसळ करत एकमेकांत गेली, आली, पुन्हा गेली. वरचं पान मात्र जागचं हललं नाही. प्रांजलीला हे स्वच्छ दिसलं आणि तिने खिडकीबाहेर पाहिलं.

प्रेमलाने गड्डी नवऱ्यापुढे ठेवली. रिवाजाप्रमाणे त्याने ती काटायला हवी होती. देवरावने काटली नाही. गड्डीवर नुसतं एक बोट टेकवलं, म्हणजे तू पिसलीस, माझा भरवसा आहे. तो नेहमी तसंच करायचा. आज मात्र ते बोट पाहून प्रेमलाने नजर वळवली.

“मनात प्रश्न धरा,” प्रांजली म्हणाली.

“मनात कायले? सर्वाईले मालूम आहे. गावाले निघाचं, कसं राहीन?” आणि त्याने वरचं पान उलटलं.

बुरूज.

देवरावने खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. पान त्याने आधी लांब धरलं, मग जवळ आणलं. प्रेमला श्वास धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

“हे तं आपल्या प्लांटातलं फर्नेस आहे,” तो म्हणाला.

“फर्नेस?” प्रेमला ओरडलीच. “काही भलतंच! घर आहे ते. गावचं घर. पडून राहिलं, दिसत नाही काय?”

“गावचं घर एवढं उच्चं कुठं आहे? दोन खोल्या तं आहेत. हे पाय ना, उच्चंच्या उच्चं, वरतून ज्वाला, आजूबाजूले ठिणग्या. मागून आभाळ काळं. रात्रपाळीले जाताना रोज हेच तं पाह्यलं मी.” त्याने पानावर अंगठा फिरवला. “अन् हे दोघं बाहेर फेकल्या गेले. हा मी. ही तू.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय, सरळ आहे. भिलाईनं आपल्याले फेकलं. आता इथं काही नाही. निघाच लागते.”

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. प्रेमलाने मदतीसाठी भाचीकडे पाहिलं. आता सांग ना काही, फिरव ना अर्थ, असं ते पाहणं होतं. प्रांजलीला मावशीची कीव आली. पण पानाचा जो अर्थ तिला ठाऊक होता तोच तिने सांगितला.

“या पानात नुसतं पडणं नाही आहे, काकाजी. जे खोट्या पायावर उभं केलं असतं तेवढंच पडतं. आणि आतली माणसं मोकळी होतात. एक खूप जुनी गड्डी आहे, सोन्याचं काम केलेली, तिच्यात तर हे पानच सापडत नाही. हरवलं, की काढलंच नव्हतं, कोणाला माहीत नाही.”

“हरवलं असन,” देवराव म्हणाला. “आमच्या क्लबातल्या गड्डीत चौकटची दश्शी नाही. सिगरेटच्या पाकिटाची केली आहे.” तो हसला नाही. पान गादीवर ठेवून पुन्हा म्हणाला, “निघाच लागते. ट्रकवाल्याले सांगून टाकतो.”

आणि बोलता बोलता त्याचा हात वर गेला आणि त्याने कानाची पाळी धरली.

मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसतात आणि बोलायला बंदी असते. म्हणून प्रत्येक जोडीच्या आपापल्या खुणा. देवराव-प्रेमलाच्या खुणा सेक्टरभर कोणालाच कधी सापडल्या नाहीत, इतक्या साध्या होत्या. नाक खाजवलं की एक्का आहे. घसा खाकरला की हा रंग नको. आणि कानाची पाळी धरली की माझा हात रिकामा आहे, माझ्यानं काही होत नाही, आता तूच सांभाळ.

प्रेमलाला आधी वाटलं, खाज सुटली असेल. पण इतक्या वर्षांच्या भिडूला खाज आणि खूण यांतला फरक कळत नसेल तर त्याने पत्ते सोडून द्यावेत. देवराव पाळी धरून बसला होता. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. तोंडाने गावाला निघाला होता, आणि हात म्हणत होता, सांभाळ.

तिचा धीर सुटला. “थे पान खोटं आहे! मीच वर ठेवलं होतं थे.”

“मावशी!” प्रांजली म्हणाली.

“थांब वो तू. मीच ठेवलं. पिसताना वरच्या वर ठेवलं.”

“मले मालूम आहे,” देवराव शांतपणे म्हणाला.

“काय मालूम आहे?”

“तू पिसलेली गड्डी मी कावून काटत नाही इतक्या वर्षांपासून? तू काही लावलं असन तं आपल्या जोडीच्या फायद्याचंच असन म्हून.” त्याने पानाकडे बोट दाखवलं. “फर्नेस पाह्यलं अन् समजलो. म्हटलं, हिले तोंडानं सांगता येऊन नाही राहिलं. हिले इथून निघाचं आहे. मंग मी कायले आडवा येऊ?”



“मले? मले निघाचं आहे?” प्रेमलाचा आवाज चढत गेला. “मले नाही जाचं! मले मेलं तरी नाही जाचं त्या खैरटोल्याले! म्हून तं पडकं घर ठेवलं वर. तुमाले जाचं आहे. तीस वर्षं झाले, रिटायर झालो की गावाले, रिटायर झालो की गावाले...”

“थे तं सर्वच म्हणते,” देवराव म्हणाला. “प्लांटातले सर्वच म्हणत होते. राम राम म्हणते ना माणूस, तसं. एकदा म्हटलं, मंग म्हणतच गेलो. आता कोण्या तोंडानं नाही म्हणू?” त्याने चष्मा काढला. “तिथं आहे कोण आता माह्या ओळखीचं? बरोबरचे मेले. पोरं पाह्यते अन् म्हणते, भिलाईवाले आले. गेल्या वेळी चार दिवस राह्यलो, पारावर बसलो तं कोणाशी काय बोलावं थे समजे नाही. सकाळी भोंगा नाही वाजला तं उठावं कवा थेबी समजे नाही.”

 मग प्रेमलाच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. रडते की काय म्हणून प्रांजली पुढे सरकली, तर ती हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. छातीवर महिनोन् महिने ठेवलेलं पोतं कोणीतरी उचलून नेलं होतं. देवरावने आधी रागाने पाहिलं, मग त्याच्याही मिशा हलल्या.

“मंग घर कावून बांधलं?” तिने विचारलं.

“तूच म्हणे पडवी पायजे. तुळशीचा ओटा पायजे.”

“तुमी बांधूनच राहिले होते म्हून म्हटलं! बांधतेच आहेत तं ओटा तरी नीट करा.”

“वा वा! अन् मी ओटा ऐकला अन् म्हटलं, हिचा जीव तिथंच आहे.”

“काय माणूस आहे देवा! विचाराचं नाही काय एकदा?”

“तू विचारलं?”

 प्रांजलीने हळूच जिलेबीची पुडी आपल्याकडे ओढली. आजच्या बैठकीत तिच्याकडे आता काही काम उरलेलं दिसत नव्हतं.

“इथंच, रिसालीत दोन खोल्या पाहून ठेवल्या मी,” जिलेबीकडे पाहत प्रेमला म्हणाली. “भाड्याच्या. खालचा माळा आहे. तुमचे गुडघे दुखते म्हून.”

कधी पाहिल्या, कोणाबरोबर गेलीस, मला का नाही सांगितलं, यांतलं देवरावने काहीच विचारलं नाही.

“पाणी कसं आहे?” तो म्हणाला.

“दोन टाइम येते.”

“मंग बरं आहे.”

ट्रकवाल्याचा फोन ठरल्या वेळेच्या आधीच आला. देवरावने त्याला हिंदीत सांगितलं की भैया, गाव नहीं जाना, रिसाली तक का छोटा हाथी टेम्पो मिलेगा क्या. पलीकडून काहीतरी चिडकं उत्तर आलं, तेही त्याने आनंदाने ऐकून घेतलं. पण फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा उतरला.

“फकिराले सांगा लागन,” तो म्हणाला.

फकिरा म्हणजे गावचा धाकटा भाऊ. किल्ली त्याच्याकडे होती. दरवर्षी तोच चुना मारायचा, तोच झाडांना पाणी घालायचा, आणि दर फोनला ‘दादा, कवा येता’ म्हणून विचारायचा. त्याला काय वाटेल, या विचाराने प्रेमलाचंही हसू आटलं. आपली सुटका झाली, पण ती त्या भाबड्या माणसाच्या जिवावर. देवरावने नंबर लावला आणि सवयीप्रमाणे फोन स्पीकरवर टाकला.

“दादा! ठरला काय ट्रक? कवा येता?” फकिराचा आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला.

“फकिरा, ऐक. वाईट नको मानू. मोठ्या भावाचं ऐकून घे.” देवरावने फोन जवळ ओढला. “आमी नाही येऊन राहिलो. इथंच घर पाह्यलं, रिसालीले. तू एवढं केलं आमच्यासाठी, मले मालूम आहे, पण...”

 मग फोन तोंडापासून दूर गेला असावा, कारण फकिराची हाक लांबून ऐकू आली. “गीतांजली! नको उचलू माय, मशीन राहू दे तिथंच! राहू दे, नाही येऊन राहिले थे!”

देवराव आणि प्रेमलाने एकमेकांकडे पाहिलं.

“कोणती मशीन, फकिरा?”

“काही नाही दादा. म्हंजे... आता काय लपवू!” फकिराने मोठा श्वास सोडला, तो स्पीकरवरून खोलीभर ऐकू आला. “माही सून हाय ना, गौरवची बायको. दिवाळीपासून तुमच्या समोरच्या खोलीत शिलाई टाकली तिनं. रिकामी होती म्हून. दोन मशिनी झाल्या, चार पोरी शिकाले येते. आता तुमी येता म्हून सकाळपासून सामान काढून राह्यलो. पोरगी रडून राह्यली. तुमाले कसं सांगू थे समजे नाही मले. तुमाले गावाची एवढी ओढ, मी कोण्या तोंडानं बोलू?” मग त्याला आपलं काही चुकलं असं वाटलं. “तसं वाईट वाटलं दादा. तुमी नाही येत म्हून.”

“हो,” देवराव म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता, हे खरंच. पण कुठेतरी बारीक टोचलंही. तिथे कोणी वाट पाहत बसलं आहे असं त्याला इतकी वर्षं वाटलं होतं.

“दादा, एक विचारू? राग नका मानू. फाटकावर तुमच्या नावाची फरशी हाय. गिऱ्हाइकं थेच वाचून येते. आमच्या इथं अन् आजूबाजूच्या दोन-चार गावात आता दुकानाले देवराव टेलरच म्हणते. देवराव टेलरकडं ब्लाउज टाकला, देवराव टेलरची फिटिंग चांगली. फरशी काढू काय?”

 देवरावचे खांदे हलू लागले. प्रेमला घाबरून पुढे झाली, तर तो तोंडावर हात दाबून हसत होता, आवाज न करता, डोळे गच्च मिटून.

“राहू दे,” कसाबसा तो फोनमध्ये म्हणाला. “राहू दे नाव. पोरीले म्हण, फिटिंग चांगली ठेवजो.”

फोन ठेवून त्याने डोळे पुसले. पुसले तरी पुन्हा भरून आले, आणि त्यांतलं हसण्याचं किती आणि कशाचं किती हे प्रेमलाने विचारलं नाही.

“बत्तीस वर्षं क्रेन चालवली,” तो म्हणाला. “सुईत दोरा ओवता नाही येत मले. अन् गावात मी टेलर आहो.”

“मंग बरं झालं,” प्रेमला उठत म्हणाली. “रिसालीच्या खिडक्या मोठ्या आहेत. पडदे तुमीच शिवा.”